दारू सोडून चार महिने झाले, पण काहीच करावंसं वाटत नाही

नमस्कार दादा. तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि लगेच उत्तर टाइप करायला घेतलं होतं, पण अर्ध्यात पुसून टाकलं, कारण पहिल्या झटक्यात जे सुचतं ते सगळं 'खचू नका, तुम्ही करू शकता' छापाचं असतं आणि तसलं तुम्ही भरपूर ऐकून बसलेले दिसताय. आज सुट्टी आहे, निवांत लिहितोय. लांबेल, चहा घेऊन वाचा.

आधी तुम्ही काय लिहिलंय ते माझ्या शब्दांत सांगतो, चुकलं तर दुरुस्त करा. वय ३६, दारू बारा वर्षं, त्यातली शेवटची चार वर्षं रोज. व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहून आलात, काल ११८ दिवस झाले, एक थेंब नाही. एमआयडीसीत पहिल्या पाळीला परत जाताय. बायको रोज सकाळी दारू टाळायची गोळी हातावर ठेवते त्याचा राग येतो. मुलगी सहा वर्षांची. आणि एवढं सगळं रुळावर येऊनसुद्धा जेवणाला चव नाही, टीव्ही नुसता चालू असतो, रविवार तर खायला उठतो. 'लोक म्हणतात सुटलास, आता मजा कर, पण मला तर पितानाच जास्त बरं वाटायचं' असं लिहून पुढे तुम्ही सॉरी म्हटलंय. सॉरी कशाला? अख्ख्या प्रश्नात सगळ्यात खरं वाक्य तेच आहे. शेवटी विचारलंय की मोटिवेशन कुठून आणू, व्हिडिओ बघतो, दोन दिवस टिकतं, परत तेच.

माझ्याबद्दल थोडं, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. मी स्वतः पेशंट. शेवटची घेतली ती २००४ च्या गटारीला. संकल्प-बिंकल्प काही केला नव्हता, त्या रात्री जे झालं त्यानंतर दुसऱ्या दिवशी भावाने रिक्षात घालून केंद्रात नेऊन टाकलं एवढंच. २००८ पासून समुपदेशक म्हणून काम करतो. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांच्या बाबतीत जिथे तुमच्या डॉक्टरांनाच विचारायला पाहिजे तिथे तसं सांगेन.

आता मोटिवेशनच्या आधी एक गोष्ट बघावी लागते. दारू सुटल्यानंतरचा कोरडेपणा आणि खरं डिप्रेशन बाहेरून अगदी सारखं दिसतं, मलाही नुसतं वाचून फरक सांगता येणार नाही. मी समोर बसलेल्या माणसाला साधा प्रश्न विचारतो, पोरगी काहीतरी वेडंवाकडं बोलली तर क्षणभर तरी हसू येतं का? येत असेल तर बहुतेक वेळा आपण ज्याच्याबद्दल बोलणार आहोत तेच असतं. पण दोन-तीन आठवडे सलग काहीच आत पोचत नाही, पहाटे तीनला जाग येऊन परत डोळा लागत नाही, भूक मेली, मी नसतो तर बरं झालं असतं असे विचार येतात, तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, उद्याच. डिप्रेशनची औषधं घेतली म्हणजे 'एक नशा सोडून दुसरी धरली' असं काही नसतं, हा गैरसमज आपल्याकडे फार आहे. रात्री-अपरात्री फारच वाटलं तर टेली-मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. जाताच आहात तर थायरॉइड आणि बी-१२ पण तपासून घ्या. वर्षानुवर्षं चकण्यावर जगलेल्या शरीरात काय काय कमी असतं ते रिपोर्ट आल्यावरच कळतं. माझ्याकडे एक जण सहा महिने 'इच्छाशक्ती कमी पडतेय' म्हणून स्वतःला शिव्या घालत होता, थायरॉइड निघालं.

ते सगळं ठीक निघालं असं धरून पुढे.

लग्नाच्या वरातीत डीजेसमोर तीन तास नाचून तुम्ही बाहेर आलात की कोणी बोललं तरी ऐकू येत नाही, बरोबर? लोक नेहमीसारखंच बोलत असतात, आपले कान बसलेले असतात. दारूचं तसंच होतं. मेंदूत आनंद देणारी, 'हे परत कर' असं सांगणारी जी यंत्रणा असते, डोपामिन हे नाव तुम्ही त्या व्हिडिओंत ऐकलंच असेल, ती रोजच्या मोठ्या डोसला सरावते आणि आपला प्रतिसाद कमी करून घेते. मग दारू काढून घेतली की उरतात ते आयुष्यातले साधे आवाज, गरम पोळी, पोरीची बडबड, कामावर झालेली थट्टा. ते सगळं चालूच असतं, तुमचे कान बारा वर्षं डीजेसमोर होते म्हणून ऐकू येत नाही. कान उघडतात, पण वेळ लागतो, कोणाला दोन-तीन महिने, कोणाला वर्षसुद्धा. झोपेची घडी बसायलाच कित्येक महिने जातात. आणि तोपर्यंत 'पितानाच बरं वाटायचं' हे खरंच वाटत राहणार, कारण तुलना गरम पोळीची डीजेशी चाललीये. फक्त एक करा, तुलना करायचीच तर शेवटच्या वर्षाशी करा. पहिल्या दोन वर्षांतली पार्टी आठवू नका, शेवटच्या वर्षात सकाळी हात थरथरतो म्हणून घेतलेली आठवा. त्यात बरं किती होतं?

तिसरा ते सहावा महिना हा मी बघितलेला सगळ्यात भाकड काळ. पहिला महिना हनिमून असतो, सगळे कौतुक करतात, वजन वाढतं, चेहरा उजळतो, माणूस भेटेल त्याला सांगत सुटतो की मी सोडली. मग कौतुक संपतं. घरच्यांना वाटतं झालं एकदाचं. आणि नेमकं तेव्हाच उधारीवाले, ईएमआय, तुटलेली नाती, सगळं धुकं गेल्यासारखं स्पष्ट दिसायला लागतं. म्हणजे तुम्ही मागे पडलेले नाही आहात, बरोबर जिथे असायला पाहिजे तिथे आहात, जागाच वाईट आहे.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही म्हणता मोटिवेशन गेलं. मला वेगळं दिसतंय. पहिले तीन महिने तुम्ही भीतीवर चाललात. लिव्हरचा रिपोर्ट, बायको माहेरी गेली ते दोन महिने, नोकरीतला मेमो. भीती सुरुवातीला फार कामाची असते, जुन्या बाइकच्या चोकसारखी, थंडीत चोक ओढल्याशिवाय गाडी उठत नाही. पण चोक ओढलेलाच ठेवून गावभर फिरलात तर प्लग काळा पडतो आणि गाडी बंद पडते. आता रिपोर्ट सुधारला, बायको परत आली, मेमो फाईलमध्ये गेला. भीती ओसरली. त्याजागी दुसरं काही अजून आलेलं नाही, आणि ती मधली जी पोकळी आहे तिला तुम्ही 'मोटिवेशन नाही' म्हणताय.

आणि दुसरी गोष्ट, ही जरा लागेल, पण मलाही कोणीतरी तोंडावर सांगितली होती म्हणून सांगतो. तुम्ही वाट बघताय की आधी 'वाटेल' आणि मग मी करीन. व्यायाम करावासा वाटला की करीन, मिटिंगला जावंसं वाटलं की जाईन. दादा, आपण पीत होतो तेव्हा आपलं सगळं आयुष्य ह्या एका शब्दावर चालायचं. वाटलं म्हणून प्यायलो, वाटलं नाही म्हणून कामावर गेलो नाही, वाटलं म्हणून पोरीला आईस्क्रीम, वाटलं म्हणून ताट भिरकावलं. दारू म्हणजे तरी काय, काहीही न करता हवं तसं वाटून घ्यायची सोय. बाटली गेली, पण 'आधी मला वाटलं पाहिजे' हा हट्ट तसाच बसलाय आत पाय पसरून. मोटिवेशनचे व्हिडिओ म्हणूनच आवडतात, क्वार्टरसारखंच काम करतात ते, बसल्या जागी दहा मिनिटांत छाती फुगते आणि सकाळी उतरलेली असते.

डिप्रेशनवर बिहेवियरल ॲक्टिव्हेशन नावाची उपचारपद्धत आहे, १९७० च्या दशकापासून वापरात आहे, तिचं सार एवढंच की मूड यायची वाट न बघता आधी ठरलेली कृती करायची, मूड मागून येतो, आणि नाही आला तरी कृती झालेली असते. मला हे नाव फार उशिरा कळलं, अनुभव आधीच आला होता. तो सांगतो.

माझा पाचवा महिना. ओट्यावर बसून राहायचो, आई ताट आणून द्यायची. एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ह्या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या, मिटिंगला आठवड्यातून दोनदा जायचो पण मागच्या खुर्चीवर, बोलायचं नाही, संपलं की निघायचं. एक दिवस तिथले एक जुने काका, रेल्वेतून रिटायर झालेले, मला म्हणाले पुढच्या गुरुवारपासून चहा तू करायचा, किल्ली घे, सव्वासहाला ये, खुर्च्या मांड, दूध येताना आण. मी म्हटलं मला नाही जमणार, मनच लागत नाही कशात. ते म्हणाले, 'मन लाव कोण म्हणतंय, साखर लाव.' बस. आता किल्ली माझ्याकडे म्हटल्यावर मी नाही गेलो तर चौदा माणसं दारात उभी राहणार. मला त्या गुरुवारी जावंसं वाटलं होतं का? अजिबात नाही. पुढच्याही नाही. साधारण दोन महिन्यांनी कधीतरी मी दूध घेऊन चालत होतो आणि लक्षात आलं की मी शीळ घालतोय. बाकी काही चमत्कार झाला नाही, शीळ घातली एवढंच.

त्या काकांनी मला उपदेश केला नाही, एक अशी जागा दिली जिथे मी नसलो तर कोणाचं तरी अडेल. एए सुरूच अशी झाली खरं तर. बिल नावाचा शेअर बाजारातला एक अमेरिकन माणूस, दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखाच. १९३५ च्या मे महिन्यात धंद्याच्या कामासाठी ॲक्रन नावाच्या परक्या गावात गेला, काम फिसकटलं, हॉटेलच्या लॉबीत उभा, एका बाजूला बार आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याने चर्चना फोन लावत लावत एक दुसरा पिणारा माणूस शोधून काढला, बॉब नावाचा सर्जन. पंधरा मिनिटं देतो म्हणून आलेला तो डॉक्टर कित्येक तास बोलत बसला. १० जून १९३५ ला डॉक्टरने शेवटची घेतली आणि तोच दिवस एएचा जन्मदिवस धरतात. मला ह्या गोष्टीत आवडतं ते हे की बिल त्या डॉक्टरला सुधारायला गेलाच नव्हता, त्याला स्वतःची ती संध्याकाळ काढायची होती.

तर आत्तापर्यंतचं थोडक्यात: कान बसलेत ते उघडतील, भीतीचं इंधन संपलंय ते चांगलंच आहे, आणि वाटायची वाट बघू नका. आता रोजच्या दिवसाचं काय करायचं ते बघू, कारण तिथेच सगळे अडकतात.

तुमची पाळी साडेतीनला सुटते. म्हणजे साडेतीन ते रात्री नऊ असे साडेपाच तास मोकळे. पूर्वी तो वेळ कसा जायचा ते सांगायला नको. आपल्या भाषेत बघा कसा शब्द आहे, 'आज बसायचं का?' प्यायचं का असं कोणी विचारत नाही, बसायचं का. कारण ते नुसतं पिणं नव्हतंच, ते बसणं होतं. चार जण, एक टेबल, साहेबाला शिव्या, उकडलेले शेंगदाणे, तिथे तुमच्या जोकला हसणारी माणसं होती, तिथे तुम्हाला किंमत होती. ते सगळं एका दिवसात गेलं आणि त्याचं दुःख करायची सुद्धा तुम्हाला परवानगी नाही, कारण लोक म्हणणार, बरं झालं सुटली ती संगत. मी म्हणतो दुःख करा. वाईट वाटू द्या. फक्त त्या जागी बसायला दुसरं ठिकाण लागणार हे मान्य करा, कारण घरात बायकोसमोर साडेपाच तास बसून कोणाचीच रिकव्हरी टिकलेली मी बघितली नाही.

ठिकाण कुठलं ते माणसागणिक बदलतं. एएची मिटिंग तुमच्या शहरात आहे, मला माहितीये, रोज कुठे ना कुठे असते. पण सगळ्यांनाच ती मानवते असं नाही, काहींना ते सारखं दारूबद्दलच बोलणं नको होतं. एक जण परत तालमीत जायला लागला, कुस्ती नाही, पोरांना शिकवायला. एक शिक्षक होते ते भजनी मंडळात टाळ घेऊन बसले, आवाज भयंकर होता, पण टाळ वाजवायला आवाज लागत नाही. ग्रामीण भागातले कित्येक जण माळ घालतात, आणि माळ घालून वीस-वीस वर्षं कोरडी राहिलेली माणसं मी बघितलीत. शहरातले लोक याला श्रद्धा म्हणून सोडून देतात, पण मी नीट बघितलंय, माळेबरोबर काय काय येतं बघा: महिन्याच्या दोन एकादश्या, दिंडीतली माणसं, आषाढीचं वर्षाचं वेळापत्रक, आणि गावातला प्रत्येक जण ज्याला तुमच्या गळ्याकडे बघून कळतं की ह्याला आग्रह करायचा नाही. माळ घालून दिंडीला न जाणारे बरेचसे सहा महिन्यांत माळ खुंटीला टांगतात.

एक व्यवहाराचं. कारखान्यातून घरी यायचा रस्ता बदला. तुमच्या त्या वाइन शॉपवरून जाणारा रस्ता दहा मिनिटं जवळचा असेल, असू दे. आणि रिकाम्या पोटी निघू नका. पाळी सुटताना पोटात काहीतरी ढकला, शेंगदाण्याची चिक्की, केळं, वडापाव काय मिळेल ते. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा ह्या चार गोष्टी तलफेचा वेष घेऊन येतात, हे केंद्रात शिकवलं असेल. साडेतीनला पहिली पाळी सुटलेल्या माणसाला ह्यातल्या किमान दोन असतातच. तलफ आली तर ती लाटेसारखी वीस-तीस मिनिटांत उतरते, तेवढा वेळ काहीतरी चावत आणि कोणाशी तरी बोलत काढायचा, त्यात शूरपणा काही नाही.

पैशाचं तुम्ही विचारलंय, 'वाचायला पाहिजेत ना, मग दिसत का नाहीत?' क्वार्टर आणि चकण्याचे रोजचे दोनशे धरा, ११८ दिवसांचे २३,६०० होतात. ते उधारी आणि किराण्यात विरघळले म्हणून दिसत नाहीत. दिसतील असे करा, कारण ह्या काळात डोळ्याला काहीतरी दिसावं लागतं. घरात बरणीत रोख ठेवू नका, रोख हा आपला शत्रू. मुलगी दहा वर्षांच्या आत आहे, पोस्टात तिच्या नावाने सुकन्या समृद्धीचं खातं काढा. वर्षाला अडीचशे भरले तरी चालू राहतं, आणि मोठी गोष्ट म्हणजे ती मोठी होईपर्यंत त्यातून सहजासहजी काढता येत नाहीत, म्हणजे तुमच्या एखाद्या वाईट संध्याकाळीही ते सुरक्षित. सगळे दोनशे नाही जमणार, देणी आहेत, रोजचे तीस टाका, महिन्याचे नऊशे. माझ्याकडे एक टेलर होते, त्यांनी बायकोच्या पाटल्या गहाण टाकून प्यायलेली. सोडल्यावर त्यांनी सावकाराची पावती शिलाई मशीनच्या वर चिकटवली आणि प्रत्येक हप्त्याला त्यावर पेनाने रेघ मारायचे. पंधरा महिने लागले. त्यांना मी कधी मोटिवेशन हा शब्द वापरताना ऐकलं नाही, ते फक्त किती रेघा राहिल्या ते सांगायचे.

तुम्ही लिहिलंय की न पिण्याची इच्छा दहापैकी तीनच राहिलीये. मला हा आकडा वाईट वाटला नाही. विल्यम मिलर नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, दारूच्या पेशंटबरोबर काम करता करता त्यांनी १९८३ मध्ये मांडलं की पेशंटला दामटून, लाजवून इच्छा वाढत नाही, उलट तो स्वतःच्या पिण्याची वकिली करायला लागतो. माणसाची स्वतःची कारणं त्याच्याच तोंडून बाहेर यावी लागतात. तिथूनच तो आकड्याचा प्रश्न आला, मी रोज वापरतो. मी तुम्हाला 'तीनच का, आठ का नाही' असं विचारलं तर तुम्ही मला अडचणींची यादी द्याल. म्हणून मी विचारतो, तीन तरी का? शून्य का नाही? ह्याचं उत्तर आज कागदावर लिहा, घाई नको. तुमच्या प्रश्नात एक वाक्य ओझरतं आलंय, की पोरगी आता तुमच्या गाडीचा आवाज आला की दाराशी येते, पूर्वी आत पळायची. तुम्ही ते असंच लिहून पुढे गेलात. माझ्या मते ते तीनपैकी दोन मार्क तिथेच आहेत. भीती गेल्यावर जे कारण यायला पाहिजे ते असं लहान असतं, आणि ते मोठमोठ्या ध्येयांपेक्षा जास्त टिकतं, निदान मी तरी असंच बघितलंय.

पुढच्या महिन्यातलं मेव्हण्याचं लग्न: लग्नाला जा, हळदीला जाऊ नका. कारण पाळीचं सांगा. पहिल्या वर्षात हे पळणं नव्हे.

आणि समजा स्लिप झालीच, म्हणजे एखाद दिवशी परत प्यायलात, तर ११८ दिवस पाण्यात जात नाहीत, मेंदूने जेवढी दुरुस्ती केली ती एका रात्रीत उलटत नाही. घात करतो तो दुसरा दिवस, 'आता फुटलंच आहे तर' म्हणून घेतलेला. त्याच रात्री कोणाला तरी सांगायचं, केंद्रातल्या समुपदेशकाला, मिटिंगमधल्या माणसाला. कोणाला सांगायचं ते नाव आजच ठरवून ठेवा, तेव्हा सुचत नाही. २०१९ मध्ये एम्सच्या व्यसनोपचार विभागाची देशभरातली पाहणी आली होती, त्यात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकाने सांगितलं होतं की आपल्याला काहीतरी उपचार मिळाले. तुम्ही त्या एकात आहात, दार माहितीये तुम्हाला, परत वाजवायला लाजू नका.

राहिला गोळीचा प्रश्न. वर्णनावरून ती डायसल्फिरम दिसतेय. आधी औषधाचं बोलतो. ती घेतलेली असताना दारू पोटात गेली तर शरीरात तिचं विघटन अर्ध्यातच अडकतं, विषारी घटक साठतो, चेहरा लाल, छातीत धडधड, उलट्या, जिवावरही बेतू शकतं. गोळी बंद केल्यावरसुद्धा दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं, तेव्हा 'दोन दिवस गोळी चुकवून लग्नात घेतो' हा हिशेब कोणी शिकवला तर कान बंद करा. आयुर्वेदिक आसव-अरिष्टं, काही खोकल्याची औषधं, काही माउथवॉश, ह्यांतही अल्कोहोल असतं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. लिव्हरची तपासणी वेळच्या वेळी. आणि हे वाचणाऱ्या घरच्यांसाठी: ही गोळी पेशंटला न सांगता जेवणात-चहात कधीही घालू नका, माणूस मरू शकतो.

आता राग. पस्तिशीतल्या बाप्याला बायको शाळेतल्या पोरासारखी गोळी देते आणि तोंड उघडून दाखव म्हणते, राग येणारच, मलाही यायचा, मला तर आई द्यायची. पण ह्या गोळीचा एक उपयोग मला फार उशिरा कळला. ती तलफ कमी करत नाही. पण सकाळी साडेपाचला दहा सेकंदात ती गिळली की दिवसभराचा निर्णय झालेला असतो, मग दुपारी साडेतीनला तुम्हाला वाटतंय का नाही वाटतंय ह्याला फार अर्थ उरत नाही. सबंध दिवसाला पुरेल एवढं मोटिवेशन तुमच्याकडे सध्या नाहीये, दहा सेकंदांपुरतं आहे.

फक्त ती तिच्या हातातून तुमच्या हातात येऊ द्या. गिळायची तिच्यासमोरच, त्यात सूट मागू नका, एवढ्यात विश्वास मागायचा आपल्याला हक्क नाही. पण उद्या तिच्या आधी उठा, चहा तुम्ही टाका, दोन कप, आणि गोळीची पट्टी तुम्हीच आणून बशीशेजारी ठेवा. पहिल्या दिवशी ती कप घेता घेता तुमच्या तोंडाचा वास घेईल. घेऊ द्या.